दवाखान्यातली पाचवी

परवा व्हिडिओवर तुम्ही दोघांनी विचारलंत, त्या फोटोत आजी वॉकर धरून उभी आहे, तिचा गाल का सुजलाय आणि सगळे खोबरं का खातायत? फोनवर सांगताना माझं पुढचं मागे होतं. म्हणून लिहून पाठवते.

मी चिकूच्या वाडीत पडले, हाड मोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ऑपरेशननंतर डहाणूच्या एका लहान दवाखान्यात होते. वॉकर घेऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, हा माझा व्यायाम. त्या टोकाला बाळंतिणींची खोली होती.

दोन्हीकडे बघणारी सिस्टर एकच, समुद्रकाठच्या वरोर गावची. किनाऱ्यावरून होडीला हाक मारावी असा तिचा आवाज.

तलासरीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची मुलगी तिथे बाळंत झाली होती. मुलगा दिवस भरायच्या आधीच आलेला, एवढासा, काचेच्या पेटीत ठेवलेला. त्याची आजी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली असे. एका सकाळी मी चालत तिथवर पोचले, तर ती बोचकं बांधत होती.

"आमी नेतो बाळाला," ती म्हणाली. "उद्या पाचवी हाय."

पाचव्या दिवशी सुईण पूजा मांडते, मग सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं मानतात. बाळच घरी नसेल तर ती लिहिणार कुठे, ही त्या बाईची काळजी.

तरुण डॉक्टर समजावत होते, "आजी, पेटीतून काढलं तर बाळ गार पडेल. वाचायचं नाही."

"असं वंगाळ बोलू नका," ती म्हणाली आणि गाठ आणखी आवळली. डॉक्टरांनी हात टेकले.

सिस्टर मात्र तिच्याशेजारी फरशीवरच बसली. "मावशी, तुमच्यात पाचवीला काय काय लागतं?"

"तांदूळ, दिवा, नारळ. सुईण लागते. घर लागतं."

"सुईणीला इथे बोलवा."

"आन् सटवाई?"

"तिला पत्ता मी सांगते. वरोरला आमच्याकडेही तीच येते. हा रस्ता तिच्या पायाखालचा आहे."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "लय बोलतेस गं बाय!" पण बोचकं काही सोडलं नाही. सगळं झालेलं डोळ्यांनी दिसल्याशिवाय ती सोडणारही नव्हती.

मला वाटलं, सिस्टरने वेळ मारून नेली. पण ती उठली ती थेट डॉक्टरांकडे गेली. ऑक्सिजनजवळ दिवा लावता येणार नाही, ते म्हणाले. "दिवा अंगणात, बाळ पेटीत, मध्ये बंद खिडकी. मग चालेल ना, सर?" मग पेटी कुठे सरकवायची ते डॉक्टरांनीच दाखवलं. दवाखान्याच्या वायरमन मामांनी पेटीसाठी नवी वायर ओढली. झाडलोट करणाऱ्या दोघी आयांनी खिडकीखालचं अंगण धुतलं. स्वयंपाकघरातून तांदूळ आले, नारळही आला.

पाड्यावर निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सुईण जीपने चारोटीला उतरून रिक्षाने आली. आत बाळंतिणीला बघायला निघाली, तर सिस्टरने दारातच तिच्या हातात साबण दिला.

"तू जन्मायच्या आधीपासून बाळंतपणं करते मी," सुईण फणकारली.

"म्हणून तर तुम्ही आधी धुवा. तुमचं बघून बाकीच्या धुतील."

खिडकीखाली तांदळाची रास मांडली, दिवा लागला, नारळ फुटला. काचेपलीकडे बाळाने पाय झाडला. सुईणीने त्याच्या दिशेने तांदूळ वाहिले. पूजा झाल्यावर म्हातारीने बोचकं सोडलं, आतलं लुगडं काढलं आणि दोरीवर वाळत घातलं. बाळ वजन धरेपर्यंत ती तिथेच राहिली.

पुढे पाच-सहा महिन्यांनी दवाखान्याने सिस्टरचा सत्कार करायचं ठरवलं. रुग्णांवर माया करणारी, सगळ्यांना बरोबर घेऊन काम करणारी म्हणून. मी तेव्हा वॉकर घेऊन तपासणीला जात असे; शाल मी घालावी, दोन शब्दही बोलावेत, असं त्यांनी सांगितलं. सिस्टर म्हणाली, "आजी, मला एकटीला खुर्चीत बसवलंत तर वायरमन मामा माझ्याशी बोलायचे नाहीत हां."

मी भाषण नीट लिहून नेलं होतं. पण समोर ती म्हातारी नातवाला कडेवर घेऊन बसली होती. चांगला गुटगुटीत झालेला, गळ्यातली माळ तोंडात घालणारा. मी कागद मिटला आणि पाचवीचंच सांगितलं. शाल घातली, नारळ दिला. सत्काराचा नारळ एरवी पिशवीत घालून घरी जातो. सिस्टर तो बाजूला ठेवणार तोच म्हातारी मोठ्याने म्हणाली, "ठेवतेस काय, बाय? पाचवीचा फोडला तसा हा पण फोड. त्या दिवशी हुते त्या सगळ्यांना दे."

सिस्टरने पायरीवर नारळ फोडला. मामांना, आयांना, डॉक्टरांना, स्वयंपाकघरात, सगळीकडे तुकडे गेले. म्हातारीने नारळाच्या वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून नातवाच्या कपाळावर ओढलं. "सटवाईचं लिवून झालंय," ती म्हणाली, "ह्ये आपलं वरचं."

माझ्या वाट्यालाही तुकडा आला. कवळीला तो चावेना आणि टाकवेनाही. म्हणून गालात धरून उभी होते, तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.