दारावरची गोधडी

लेक बाळंतपणाला येणार म्हणून बायकोने गोधडी शिवायला घेतली. जळगावातल्या आमच्या दोन खोल्यांत तुकडे जमिनीवर मांडले, की कुणीतरी त्यांवरून चालत जायचं, बहुधा मीच. मग मी डोकं लढवलं. घराच्या दाराला आतून फलालीन ताणून ठोकलं. त्याच्या लवेला सुती तुकडे टाचणीशिवाय चिकटतात. जागा अजिबात अडली नाही, आणि मी स्वतःवर खूश.

दार उघडावंही लागतं, एवढंच ध्यानात आलं नाही. कूलर लावला तर तुकडे उडायचे, म्हणून तोही बंद. दुपारभर आम्ही घामात भिजत बसलो. मधे तुकड्यांचं फूल जुळवून ती भोवती एकेक तुकडा लावायची, मागे सरून बघायची. जुन्या साड्या, लेकीचे फ्रॉक डोळ्यांपुढे तरंगू लागले. मला वाटलं, तिथे दार नाहीच. पाण्यात उतरलेली संध्याकाळ आहे.

शेवटचा तुकडा लागला आणि कडी वाजली. "आई!" लेक धुळ्याहून एक दिवस आधीच आली होती.

मी धावत जाऊन दाराला पाठ लावली. "आधी टाचून घे!"

"लेक उन्हात उभी अन् तुम्ही चिंध्या सांभाळता? सरका!"

दार उघडलं. बाहेरचा गरम वारा शिरला आणि दुपारभराची मांडणी रंगीत पाखरांसारखी घरभर उडाली. लेकीने आत येऊन आधी कूलर लावला. मी तुकडे वेचायला वाकणार, तोच मागून बायको ओरडली, "हलू नका! मधलं फूल तुमच्या बनियनला चिकटलंय. उलटं का होईना, पण पुरं शे, एक पाकळी हलली नाही."

मग लेक गार वाऱ्यात बसून हसत राहिली, आणि माझ्या पाठीवर टाके पडू लागले.