लाइट गेली की भरणारी ओसरी

त्या सकाळी मोबाइलवर ‘ओसरी’ उघडेना, तेव्हा मला वाटलं, काकांच्या मोहल्ल्यातली, अधारतालची लाइट गेली असेल. नेहमीसारखी मी महाराजपुराहून सायकलवर विनायककाकांकडे निघाले. गल्लीत पोचले तर किराणा दुकानातला पंखा फिरत होता… आणि काकांच्या दारात चपलाच चपला. काका झोपेतच गेले होते. आलेल्यांपैकी कुणीतरी मोबाइल चार्ज करायला त्यांच्या कॉम्प्युटरचा प्लग काढला होता.

‘ओसरी’ म्हणजे जबलपुरातल्या आम्हा मराठी लोकांची इंटरनेटवरची बैठक. ती कुठल्या कंपनीची नाही. फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या काकांच्या समोरच्या खोलीत, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती चालते. दुसऱ्या गावांतल्या अशाच लहान बैठकांशी जोडलेली आहे, पण इथले नियम आमचे. पहिला नियम काकांचा : नाव नोंदवायचं तर आधी घरी येऊन चहा घ्यायचा. मी गेले तेव्हा फार घाबरले होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, आणि माझं मराठी अर्धं हिंदी.

“काका, मुझे… मला नीट लिहिता नाही येत.”

“मग काय झालं? वाचणारे कुठं पंडित आहेत!”

आतून काकू म्हणाल्या, “स्वतःबद्दलच बोलून राहिले ते, बेटा.”

मी पहिल्यांदा लिहिलं ते आईच्या वांग्याच्या भाजीबद्दल. इथल्याच नेपियर टाउनच्या एका दीदीनं माझ्या चुका काढल्या नाहीत, भाजी कशी करतात ते विचारलं. त्या दिवसापासून मी लिहीत राहिले. लाइट गेली की ओसरी बंद पडायची आणि आसपासची माणसं थेट काकांच्या घरी यायची. “इन्व्हर्टर घ्या ना,” मी मागे लागायचे. काका नुसते हसत आणि खुर्च्या मांडत.

तेराव्यानंतर काकूंनी मला थांबवून घेतलं. “हे आता बंदच करायचं का गं?” मी प्लग परत लावला. काकांनी शिकवलं होतं तसं सगळं चालू केलं, इतकंच. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. पण ओसरी आता काकांशिवाय टिकेल का, ही धाकधूक मनात होतीच.

परवा दुपारी लाइट गेली. मी पोचले तर तिघं-चौघं आधीच बसलेले, त्यांत एक नवा चेहरा. काकू चहा गाळत होत्या.

“काकू, आता तरी इन्व्हर्टर घेऊ या.”

“काहून? मग तुम्ही येसाल का?”

आणि काकांची खुर्ची त्यांनी माझ्याकडे सरकवली.