जंतांचा वकील

जानकीपुरममधला आमचा शेजारी दाराची कडीसुद्धा रुमालाने धरतो, तरी सकाळभर शिंकतो. पोटात जंत असले की ॲलर्जी होत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलंय. परवा आमच्या कामवालीने दवाखान्यातून पोरीसाठी जंतांची गोळी आणली. सोबत आलेली पोर काडीसारखी, पोट तेवढं पुढे आलेलं.

हा तिला म्हणाला, "मत दो. कीड़े रहेंगे तो दमा नहीं होगा."

शिकलेला माणूस सांगतोय म्हणून कामवाली गोळी फेकायला निघाली.

मी त्याला विचारलं, "तुझ्या मुलीला देतोस का रे ही गोळी?"

"हो, दर सहा महिन्यांनी. तिची गोष्ट वेगळी आहे, आजी."

"असेल," म्हणत मी कामवालीच्या हातातली गोळी घेऊन पोरीच्या तोंडात घातली. "चबा के खा."