इमारतीत दुसरा डॉक्टर

आमच्या फेलोशिपच्या ऑफिसात मी बावीस वर्षं काढली. छातीच्या आजारांचं पुढचं शिक्षण घ्यायला तरुण डॉक्टर ओमाहा शहरात येत आणि त्यांचा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जाई. माणसं हुशार, पण फॉर्म भरायचा म्हटलं की हातपाय गाळून बसत. शिकाऊ परवान्यावर त्यांना फक्त आमच्याच इस्पितळात काम करता येई. शनिवार-रविवारी बाहेर ड्युटी करायची, म्हणजे मूनलाइटिंग, तर राज्याचा पूर्ण परवाना लागे. बहुतेकांना तो शिक्षणाचं कर्ज फेडायला हवा असे, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

नोलन प्रुइटला तो वेगळ्याच कारणासाठी हवा होता. हा गुरंवाल्याचा मुलगा, उंच, हळू बोलणारा, दुपारचं सँडविच उभ्या उभ्याच खाणारा. त्याचं गाव आर्डेल, पश्चिमेला पाच तासांवर. तिथे बारा खाटांचं इस्पितळ आणि एकच डॉक्टर, एकाहत्तर वर्षांचे एमोस ह्रूबी. नोलनचा जन्म त्यांच्याच हातचा. काटेरी तारेने फाटलेली त्याची हनुवटीही त्यांनीच शिवलेली. एकोणीस वर्षांत त्यांनी शनिवार-रविवारची सुट्टी घेतली नव्हती, कारण बदलीला कोणी येतच नव्हतं. त्या मे महिन्यात घरी जाताना गाडी चालवतानाच त्यांचा डोळा लागला आणि गाडी चरात गेली. खांद्याचं हाड मोडलं, जीव वाचला. सोमवारी नोलन माझ्यासमोर येऊन बसला.

"मिसेस ओडेल, मला परवाना लवकरात लवकर हवाय," तो म्हणाला. "पुढच्या वेळी ते वाचायचे नाहीत."

आम्ही फॉर्म उघडला. अकराव्या पानावर त्याचं पेन थांबलं. गेल्या पाच वर्षांत मानसिक आजारावर उपचार घेतलेत का, असा प्रश्न होता. त्याने उठून दार लावलं आणि सगळं सांगितलं. कॅन्ससला रेसिडेन्सीचं प्रशिक्षण घेताना एकोणीस वर्षांची दम्याची मुलगी त्याच्या हातात गेली. त्यानंतर तो रोज इस्पितळाच्या पार्किंगपर्यंत यायचा, पण गाडीतून उतरता यायचं नाही. सात आठवडे रजा, वर्षभर गोळ्या. मग बरा झाला.

आता माझं काय चुकलं ते सांगते. त्या प्रश्नापुढे सगळेच 'नाही' लिहीत, आणि तसं लिहायला मीच त्यांना शिकवलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी एका डॉक्टर मुलीने खरं लिहिलं, तर तिचा अर्ज आठ महिने अडकला आणि हातची नोकरी गेली. तेव्हापासून माझा सल्ला ठरलेला होता. नोलनलाही मी तेच ऐकवलं, वर म्हटलं, म्हाताऱ्याला वाचवायचंय ना, मग 'नाही' लिही आणि मोकळा हो.

"आणि खाली सही कोणाची?" त्याने विचारलं.

तुझीच, मी म्हटलं. त्याने 'हो' लिहिलं आणि स्वतःच्या हाताने एक पानभर हकीगत जोडली. मी चिडले, दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. शहाणपणा करायला हीच वेळ मिळाली का, असं वाटत राहिलं.

आणि अर्ज अडकलाच. जून गेला, ऑगस्ट गेला. ह्रूबी मोडका हात गळ्यात बांधून दुसऱ्या हाताने रुग्ण तपासत होते. दर शुक्रवारी नोलन माझ्या टपालाच्या ट्रेकडे बघायचा आणि मी मान हलवायचे. ऑक्टोबरात परवाने देणाऱ्या राज्याच्या मंडळाने त्याला बोलावून चाळीस मिनिटं प्रश्न विचारले. डिसेंबरात पत्र आलं. परवाना मंजूर, पण एका अटीवर. दोन वर्षं तो बाहेर जिथे काम करेल, तिथे इमारतीत दुसरा परवानाधारक डॉक्टर हजर हवा, आणि त्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवायचा.

आर्डेलमध्ये दुसरा डॉक्टर म्हणजे ह्रूबीच. नोलनने पत्र खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हणजे मी गेलो तरी त्यांची सुटका नाहीच," तो म्हणाला. मी सांगितलं होतं, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. गिळले.

त्याने माझ्याच फोनवरून ह्रूबींना कळवलं. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे ते ओरडून बोलत आणि मला सगळं ऐकू येत होतं. अट त्यांनी नोलनला दोनदा वाचायला लावली.

"इमारतीत, असं लिहिलंय ना?"

"हो, डॉक."

"तो जागा असायला हवा, असं लिहिलंय?"

"नाही."

"मग ये की बाबा. मी बारा नंबरच्या खाटेवर झोपतो."

जानेवारीपासून तसंच सुरू झालं. एकाआड एक शनिवारी नोलन पहाटे निघे. मिसेस ह्रूबींनी नवऱ्याची उशी इस्पितळात पोचवली, आणि नर्सबायांनी त्या खोलीचा पडदा कायमचा ओढून ठेवला.

एप्रिलमध्ये पहिला अहवाल मंडळाकडे जाण्याआधी माझ्याकडे आला. गरज पडल्यावर हा डॉक्टर मदत मागतो का, या प्रश्नाखाली ह्रूबींनी लिहिलं होतं: "मागतो. मला दोनदा उठवलं, दोन्ही वेळा उठवायलाच हवं होतं. मला मात्र इतक्या वर्षांत उठवायला कोणी नव्हतं. दोन-तीन माणसं मी एकटा होतो म्हणून गेली. मंडळाने हेही लिहून ठेवावं."

शेवटची वाक्यं खोडा, नाहीतर तुमचाच परवाना तपासायला घेतील, असं सांगायला मी सवयीने फोन उचलला. आर्डेलचा नंबर अर्धा फिरवला आणि रिसीव्हर खाली ठेवला. अहवाल आला तसाच पाकिटात घातला आणि त्याच दिवशीच्या टपालाने पाठवून दिला.