पायाळू चंपाबाईचा उजवा पाय

माझी माय जन्माला आली तीच पायांनी. आधी डोकं बाहेर काढायचा जगाचा रिवाज तिला पटला नसावा. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळूचा डावा पाय दुखऱ्या पाठीला तीनदा लागला की भरलेली उसण निघते, असं बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या रामपायली गावाकडं सगळे मानतात. त्यामुळे माझ्या लहानपणी सकाळच्या चहाआधी अंगणात कोणी ना कोणी पालथं पडलेलं असायचं. माय चूल सोडून यायची, भिंतीला हात लावायची, उजव्या पायावर उभी राहायची आणि डावा पाय त्या माणसाच्या कमरेवर अलगद तीनदा टेकवायची. मग परत चुलीपाशी. त्याबद्दल तिनं कुणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही.

माझे बाबा, पुनाराम मेश्राम, बुद्धविहाराच्या समितीत. त्यांना या प्रकाराचा भारी राग. "भिंतीवर बाबासाहेब अन् आंगनात हे सोंग! लोक काय म्हनतीन?" असं म्हणत ते सायकल काढायचे. माय शांतपणे म्हणायची, "लोक तं आंगनातच हायेत."

पण पायाळू असण्याला दुसरीही बाजू आहे. आभाळातली वीज पायाळूला हुडकत येते, असंही लोक मानतात. गडगडलं की आजी, म्हणजे मायची आई, तिला हाताला धरून घरात ओढायची आणि धानाच्या कोठीमागे बसवायची. पन्नाशी उलटली तरी मायचं ते अंग चोरणं गेलं नाही. साऱ्या गावाच्या पाठी सांभाळणारी ही बाई आतून ससा होती. मला ते ठाऊक होतं, तरी ती भीती केवढी आहे हे मला मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्यातच कळलं.

बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुडघ्याखाली चिखल होता. बाया ओळीनं वाकून धानाची रोपं लावत मागे मागे सरकत होत्या. माय वाकली ती वाकलीच. कमरेतून निघालेली चमक उजव्या पायातून थेट घोट्यापर्यंत गेली आणि ती चिखलात गुडघ्यांवर बसली. बायांनी तिला खाटेवर घालून घरी आणलं. मी बालाघाटला एका खासगी शाळेत गणित शिकवते. बाबांचा फोन आला तेव्हा सातवीच्या वर्गावर होते, तशीच निघाले. माय कुशीवर आखडून पडली होती. तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचकली.

"रचना," ती म्हणाली, "मी बुढीसारखी पडन का वो?"

बुढी म्हणजे माझी आजी. तीही अशीच कमरेत धरून खाटेला लागली, ती पुन्हा उठली नाही. चार वर्षं. माय तिची कूस बदलायची, पाठीच्या जखमा धुवायची. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि त्या खोलीतला वास मला अजून येतो. शेवटी शेवटी मी दारातूनच पाणी द्यायचे. मायच्या प्रश्नावर मी "काहीतरीच काय बोलतेस" असं म्हटलं.

आता चूक सांगते, कारण ती माझी आहे. आपला पाय आपल्या पाठीला पोचत नाही, तेव्हा दुसरा पायाळू आणा, असं मायचं म्हणणं. लांजीला बाबूलाल म्हणून एक होता. बाबा म्हणाले, "कायले नाटकं? दवाखान्यात न्या." आणि मी, बी.एड. झालेली गणिताची बाई, म्हणाले, एकदा पाय लागू द्या, तिच्या मनाची शांती होईल. खरं सांगायचं तर मला तिच्या तोंडावरची ती भीती बघवत नव्हती, कशानंही ती जावी असं झालं होतं. माझा नवरा रवी मोटारसायकल घेऊन गेला आणि बाबूलालला मागे बसवून घेऊन आला.

मायचा पाय अलगद टेकायचा. याचा आदळायचा. तिसऱ्या वेळी माय अशी ओरडली की गोठ्यातली गाय उभी राहिली. नंतर तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला मी चिमटा काढला तर तिला कळेना. बाबूलाल चपला शोधत निघून गेला. बाबांनी सायकल काढली आणि ते गाडी सांगायला गेले.

त्याच दुपारी तिला बालाघाटला आणलं. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, टाचणी टोचून पाहिली आणि विचारलं, "अम्मा, पेशाब का पता चलता है? रुकती है?" तिनं होकारार्थी मान हलवली. गोंदियाला जाऊन एमआरआय केला. फिल्म पाहून डॉक्टर म्हणाले, "डिस्क थोड़ी खिसकी है, नस दब रही है. ऑपरेशन की जरूरत नहीं. दो-चार दिन आराम, फिर चलना-फिरना और कसरत." माझ्या कानांनी 'जरूरत नहीं' एवढंच घेतलं आणि मी रिक्षात रडले. मायच्या डोक्यात 'खिसकी है' एवढंच राहिलं. पाठीतलं एक हाड सुटं झालंय, आपण हललो की ते आणखी कुठंतरी जाईल, हे तिनं पक्कं धरलं.

मग ती बालाघाटला आमच्या घरी, पुढच्या खोलीतल्या तख्तावर पडली ती पाच आठवडे. पट्टा काढेना. शिंक आली तर नाक दाबून धरायची. संडासला जायचं म्हणजे एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रवी, आणि सारखं "धर मले, धर." डॉक्टरांचा तो लघवीचा प्रश्नही तिनं सोडला नाही. रोज सकाळी संडासातून बाहेर येऊन सांगायची, "कळली वो, आज कळली." ऐकून मला हसू यायचं. बाहेर गडगडलं तर कोठीमागे पळायची सोय नव्हती, म्हणून तोंडावर लुगड्याचा पदर ओढून घ्यायची. पदराखाली तिचा श्वास भराभर चाललेला दिसायचा.

एकदा तिला तेल लावताना माझा हात थबकला. डाव्या पोटरीभोवती माझ्या दोन्ही हातांची बोटं जेमतेम भिडली. उजवीभोवती ती एकमेकांवर चढली. आजीचे पाय असेच काड्या झाले होते. मी तेलाची वाटी खाली ठेवली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

दीप्ती आली ती त्यानंतर. फिजिओथेरपीवाली, पंचविशीची पोरगी, डॉक्टरांनीच नाव दिलेली. आल्या आल्या तिनं फिल्म खिडकीला धरली. "अम्मा, देखो, हड्डी कहीं नहीं भागी. सब अपनी जगह पे है." माय फिल्मकडे बघेना. दीप्तीनं तिला पालथं झोपायला सांगितलं.

"पालथी?" माय म्हणाली. "मी?"

जन्मभर दुसरे तिच्यासमोर पालथे पडले होते. आम्ही दोघींनी तिला वळवलं तेव्हा तिनं तख्ताची कड घट्ट धरून ठेवली. पहिल्या दिवशी तेवढंच. नंतर कोपरांवर टेकून छाती थोडी उचलायची. भुजंगासनच ते, पण अर्धं, "कोहनी तक, बस." मग उताणं झोपून पाय दुमडायचे आणि कंबर बोटभर उचलायची. मग मांजरीसारखं चार पायांवर होऊन पाठ वर, पाठ खाली. दीप्तीनं एक खूण सांगून ठेवली होती. दुखणं पायातून कमरेकडे चढलं तर ते परत चाललंय समजा. पायात खाली उतरलं, पाय सुन्न पडला, तर थांबा आणि मला फोन करा. माय प्रत्येक हालचालीनंतर डोळे मिटून पायात दुखणं शोधायची. ते पोटरीतून मांडीत आलं, मांडीतून कुल्ल्यात. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती म्हणाली, "वर चढून राह्यलं. डोक्यात तं नाही जाईन?"

कसरतीच्या तिसऱ्या आठवड्यात दीप्तीनं तिला भिंतीपाशी उभं केलं. उजव्या पायावर उभं राहा, हात भिंतीला, मग हात सोडा, दहा मोजा. माय हात सोडायचीच नाही. सोडला तर 'दो' म्हणेपर्यंत परत भिंतीला चिकटायची. उजवा गुडघा लटलटायचा.

मग तिला खोकला झाला. एका ढासेसरशी कमरेत पुन्हा चमक गेली आणि सगळं मुसळ केरात. दीप्ती म्हणाली, घाबरू नका, हळू सुरू करा. पण माय पाच दिवस तख्तावरून हलली नाही. सहाव्या दिवशी माझा तोल गेला. मी ओरडले, "बुढीले कमरेनं नाही मारलं, माय! खाटेनं मारलं!"

बोलले आणि जीभ चावली. माय वर छताकडे बघत होती.

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "ती रोज म्हने, चंपे, मले उभी राहू दे. मी म्हनो, पडशीन, झोप. म्याच तिले उठू देलं नाही. मले भेव वाटे." मग म्हणाली, "दोन पावलं तं टाकली असती तिनं."

मी तिच्या पायाशी बसून राहिले. आमच्या घरात ही गोष्ट पंचवीस वर्षं कुणाला माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन पालथी झाली. भीती गेली नव्हती. ओठ पांढरे होते, तरी तिनं छाती उचलली.

धानाची कापणी सुरू झाली तेव्हा रामपायलीहून मायच्या शेजारच्या मंजूकाकू बसनं आल्या. विळ्यावर वाकून कमरेत उसण भरलेली, आणि गावात चंपाबाई नाही. "जय भीम, रचना" म्हणत त्या आत आल्या, सतरंजीवर आडव्या झाल्या, हळूच पालथ्या झाल्या. "ठेव वो चंपा पाय. लय आशेनं आली."

"काकू, पाय नाही," मी म्हणाले. "उद्या दीप्तीकडं नेते तुमाले."

पण माय उठली होती. चाळीस वर्षांची सवय. कुणी पालथं पडलं की तिनं उठायचं. तिनं भिंतीला हात लावला, डावा पाय उचलला. मी धावले. मला बाबूलालचा पाय आठवला, गाईचं उभं राहणं आठवलं.

"माय, नको! धर मले!"

डावा पाय मंजूकाकूंच्या कमरेच्या वीतभर वर येऊन थांबला. मायनं खाली पाहिलं, आपल्या उजव्या पायाकडे. मग नकारार्थी मान हलवली. पाय तिनं काकूंच्या पाठीवर टेकवला नाही आणि खालीही घेतला नाही. तिनं भिंतीवरचा हात काढला.

गुडघा लटलटला. माझे दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंना, न लावता. मी मनात मोजायला लागले. चार. पाच. तिच्या कपाळावर घाम आला होता, डोळे विजेच्या दिवशी व्हायचे तसे मोठे झाले होते. आठ. नऊ.

खालून मंजूकाकू म्हणाल्या, "ठेव ना वो पाय."

"थांब," माय म्हणाली. "मले उभी राहू दे."

दहा होऊन गेले होते. मी रडत रडत पुढे मोजत राहिले.