मिठागरातला लेफ्ट-आउट

पावसाळ्यात मिठागरं बंद पडायची, तेव्हा कुठे आमची टीम पुरी व्हायची. आमचा लेफ्ट-आउट, म्हणजे डाव्या कडेनं पुढे खेळणारा गडी, दिवाळीपासून मेअखेरपर्यंत ठाण्याच्या खाडीकाठी बापाबरोबर मीठ पिकवायचा. आगरात पावसाचं पाणी भरलं की तो मोकळा, आणि फुटबॉल आमच्याकडे खेळायचे तेही पावसातच. देश नुकताच स्वतंत्र झालेला, आम्ही सोळा-सतरा वर्षांचे. टीममधली बाकी सगळी कारकुनांची नाहीतर मास्तरांची पोरं. मी राइट-बॅक. खेळायचो कमी, पडायचो जास्त.

त्याचा खेळ मात्र खरा खेळ होता. चिखलात आम्ही धडाधड आपटायचो आणि हा आपला सरळ उभा. तळव्यानं बॉल असा अलगद थोपवायचा, की समोरच्याला वाटावं आता घेतलाच मी, आणि तेवढ्यात हा बॉलसकट पलीकडे गेलेला. आम्हाला डावपेच एकच ठाऊक होता. बॉल कुणाकडेही असो, सगळे ओरडायचे, "अरे, डावीकडे दे, डावीकडे!" आमचा क्लब चालवायचे ते शाळेतले ड्रॉइंगचे सर. ते छत्री मिटून भिजत उभे राहायचे आणि म्हणायचे, "हे शिकवून येत नाही रे बाबांनो. हे आणावं लागतं जन्माला येताना."

सरांचं तेवढं चुकलं. त्यानं ते जन्माला येताना आणलेलं नव्हतं. एकदा मी त्याच्या आगरावर गेलेलो तेव्हा मला कळलं. मिठाच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. खाऱ्या पाण्यात, चिकट मातीत, अनवाणी, दिवसच्या दिवस. तळ कच्चा राहिला तर पाणी जिरतं, नाहीतर मिठात माती येते. बाप पुढे, पोरगा मागे, एका तालात दोघं तुडवत होते. त्या मातीवर ज्याचा तोल राहतो त्याला आमचं मैदान म्हणजे ओसरीच. त्याचे तळवे वहाणेच्या चामड्यासारखे राठ, टाचांना करंगळी जाईल एवढ्या भेगा. मला हौस आली म्हणून मीही उतरलो, आणि घोट्याला जरासं खरचटलेलं होतं तिथे असं झोंबलं, की आई आठवली. बाप खो खो हसला. म्हणाला, "तुझा पाय मिठानं वलखला नाय अजून."

पांढऱ्या मिठावरचं ऊन सोसून बापाचे डोळे तेव्हाच अधू झाले होते. वाफ्यांची ती पट्टी शेठच्या मालकीची, यांनी ती कसायची. बाप थकला की पोरानं तिथे उभं राहायचं, नाहीतर पट्टी दुसऱ्याची. तीच त्यांची भाकरी. त्यामुळे बापाला फुटबॉलचं कवडीचं कौतुक नव्हतं. "खेलून पोट भरतं का रं?" एवढंच तो विचारायचा, आणि उत्तराची वाट बघायचा नाही.

मग बूट आले. आपला संघ परदेशात अनवाणी खेळला आणि सपाटून मार खाऊन आला, आणि इकडे फर्मान निघालं की पुढच्या पावसाळ्यापासून बुटांशिवाय मैदानात उतरायचं नाही. त्याच पावसाळ्यात कल्याणला रेल्वे कॉलनीच्या पोरांशी आमची मॅच झालेली. ते बुटात, आम्ही अनवाणी, आणि आमच्या लेफ्ट-आउटनं त्यांना पार रडवलेलं. मुंबईतल्या एका गिरणीच्या टीमचे साहेब ती मॅच बघायला आले होते. ते सरांना म्हणाले, "पोरगा द्या आम्हाला. गिरणीत कामाला लावतो. पण बुटात खेळता आलं पाहिजे हं. पुढच्या पावसाळ्यात घेऊन या."

आता खरी गंमत. बूट पायात घातला की टाचेच्या भेगा आत दुमडायच्या आणि त्यातून रक्त यायचं. राठ तळव्यांना बुटात काही कळायचंही नाही. बॉल कुठे आहे ते तो मान खाली घालून बघायचा. सरांनी निकाल दिला, पाय मऊ करायचे. मग काय, अख्खा क्लब त्या पायांच्या मागे लागला! आमच्या न्हाणीघरातली वज्री क्लबात गेली. माझी आई कोकमाचं तेल कढवून द्यायची आणि म्हणायची, "मुलीचं लग्न ठरलंय की काय रे तुमच्या टीममध्ये?" तो ऊन पाण्यात पाय बुडवून बसायचा, आम्ही पाळीपाळीनं टाचा घासायचो. सरांची सक्त ताकीद होती, उघडं पाऊल जमिनीला लावायचं नाही. म्हणजे त्या हंगामात आगरही बंद. बाप हो म्हणेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यानं पोराच्या पायाकडे अगदी जवळून बघितलं, त्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "जा. डोले हायेत तवर मी तुडवतंय."

त्या पावसाळ्यात तो बुटात खेळला आणि गिरणीनं त्याला घेतलं. तीन-चार वर्षं त्याचं नाव झालं. मी तोवर कारकून होऊन डोंबिवलीला बिऱ्हाड केलेलं. आमच्यातले बाकीचेही कुठे ना कुठे चिकटले, कुणी पोस्टात, कुणी कचेरीत. खेळ सगळ्यांचाच सुटलेला. पण त्याची मॅच असली की आम्ही मुंबईला जायचो आणि शेजारी बसलेल्या परक्या माणसाला सांगायचो, "तो लेफ्ट-आउट आहे ना, आमचा आहे तो." छाती फुगायची हो. माझी तर जास्तच.

मग गिरणीत नवे साहेब आले. त्यांना क्रिकेटचा शौक. फुटबॉलची टीम मोडली. आमचा गडी तिथे बदली कामगार होता, खेळापुरतं काम. टीम मोडली तसं त्याला पाळीवर घेणंच बंद झालं. क्लबात बातमी आली तेव्हा कुणीतरी मान हलवून म्हणालं, "दैव देतं आणि कर्म नेतं." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कर्म कसलं नेतंय? साहेबानं नेलं. उगाच म्हणी सांगू नका!"

पुढच्या दिवाळीनंतर मी ठाण्याला गेलो. डोंबिवलीत पोरांची एक टीम काढायची होती, तिला शिकवायला त्याला बोलवावं असं मनात होतं. घरी कळलं तो आगरावर आहे. ऐकून मला बरंच वाटलं, हाताला काम तरी आहे.

तो बांधावर बसला होता. दोन्ही पायांना फडकी गुंडाळलेली, त्यातून रक्त आणि पाणी पाझरत होतं. आठ दिवस तुडवलं, म्हणाला, आणि तळव्यांची सालं निघाली. आता पाऊल टेकवत नाही. वाफ्यात बाप एकटा तुडवत होता. डोळे जवळजवळ गेलेले. पोरगा बांधावरून सांगायचा, "बाबा, डावीकडं. अजून डावीकडं." बाप हात पसरून, अदमास घेत तिकडे सरकायचा. दुपारी शेठचा मुकादम तळ बघायला येणार होता. तळ पुरा झालेला नसला तर पट्टी जाणार, हे तो मला सांगत होता, पण बघत होता बापाकडे.

कसली टीम आणि कसलं काय. मी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि उतरलो. बापाच्या मागे जाऊन त्याच्या तालात पाय टाकायला लागलो. मिठानं मला आताही ओळखलं नाहीच, डोळ्यांत पाणी आलं. पण मागे पावलं वाजली आणि म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. मागे न बघताच म्हणाला, "उतरलास का रं? बरा झाला का पाय? झोंबत नाय ना?"

मी बांधाकडे बघितलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मग पायांची फडकी सोडली, बाजूला ठेवली, आणि तसाच त्या उघड्या जखमा घेऊन वाफ्यात उतरला. दातांखाली ओठ दाबून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तुडवायला लागला. पाच-सहा पावलं तशीच गेली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "नाय बाबा. झोंबत नाय."

"मंग झालं," म्हातारा म्हणाला, आणि त्याचे पाय भराभर पडायला लागले.

आम्ही तिघांनी तळ पुरा केला. मी बापाच्या मागे उघड उघड रडत होतो, कारण बघणारं कोणी नव्हतं आणि ज्याला दिसत होतं तो माझ्याकडे बघत नव्हता. मुकादम आला, टाचेनं तळ दाबून बघितला आणि पट्टी त्यांच्याकडे ठेवली.

त्याचे पाय राठ व्हायला अख्खा हंगाम गेला. पाऊस सुरू झाला, आगर बंद पडलं, तेव्हा मी पुन्हा बोलवायला गेलो. पोरांना शिकव, वाटलं तर स्वतःही खेळ, बूट मी देतो म्हटलं. तो ओसरीवर पाय पसरून बसलेला. टाचेच्या नव्या भेगेवरून त्यानं अंगठा फिरवला.

"नको रे," तो म्हणाला. "आता पाय मऊ व्हायला नकोत."