डाव्या कोपऱ्याची रिकामी जागा

बेंबळीच्या मैदानाजवळच्या भिंतीवर आमच्या जुन्या कबड्डी संघातले प्रत्येक जागेच्या सर्वोत्तम खेळाडूंची नावं लिहायचं ठरलं. रंगाचा खर्च माझा, म्हणून यादीत शेवटचा शब्दही माझा, हे मी आधीच कबूल करून घेतलं. डाव्या कोपऱ्यासाठी सगळ्यांनी आमच्या कर्णधाराचंच नाव घेतलं. "त्याच्यामुळंच तालुक्याची फायनल गेली," म्हणत मी टेबलावर हात आपटला आणि ती जागा रिकामी ठेवायला लावली. त्या सामन्यानंतर त्यानं मला संघातून काढलं होतं. तो राग मी पंचवीस वर्षं जपला होता.

भिंत बघायला तो आला. सगळी नावं वाचून म्हणाला, "अक्षर झकास काढलंय."

मी मुद्दाम विचारलं, "तुझं न्हाय, वाईट वाटलं का?"

"न्हाय गड्या. त्या दिवशी साखळी तू सोडलीस, हे म्या अजून कुणाला सांगितलं न्हाय. आता भिंतीला काय सांगू?"

बचावात शेजारी शेजारी उभे असलेले खेळाडू हात धरून साखळी करतात. मी त्याच्या शेजारी होतो. समोरच्या चढाईपटूनं टोमणा मारला, तसा मी चिडून हात सोडला आणि पुढं धावलो. तो एकटा पडला, बाद झाला आणि फायनल तिथंच गेली.

पेंटर डबे आवरत होता. त्याला थांबवून मी रिकाम्या जागेवर कर्णधाराचं नाव लिहून घेतलं. बाकीच्यांनी कारण विचारलं, तेव्हा "यादीत चूक झाली होती," एवढंच म्हणालो. चूक कुणाची, ते अजून सांगितलेलं नाही.